एका छोट्या प्रकाशनाचं वर्ष: ३०० प्रती, ३७ चुकलेल्या, आणि पोस्टाचा काउंटर

अर्धविराम | गुरु, १३/११/२०२५ - २२:४०

गेल्या दिवाळीत 'आम्ही प्रकाशन काढतोय' असं इथं लिहिलं, तेव्हा निम्म्या प्रतिसादांत शुभेच्छा होत्या आणि उरलेल्या निम्म्यांत 'वर्षभराने हिशेब टाक, मग बोलू' असा दम. तर आज हिशेब टाकतो. प्रकाशनाचं नाव देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही लिहू नये, नाहीतर धागा जाहिरातीचा होईल आणि संपादक उडवतील.

आम्ही सांगलीकडचे. ताई आणि मी, बस्स. ताई मुद्रितं (प्रूफं) तपासते. बाकीचं माझ्याकडे, म्हणजे लेखकाशी भांडण्यापासून गठ्ठे जिन्यावरून वर नेण्यापर्यंत. वर्षात तीन पुस्तकं झाली: एक कवितासंग्रह, एक कन्नड कथांचा अनुवाद आणि एक लांबलचक निबंध. निबंध आपल्या गतीने जातोय. अनुवादाचं असं की मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला (कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला) आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं आणि त्या आठवड्यात आमच्या पुस्तकाला अचानक अकरा मागण्या आल्या. त्यातल्या दोघांना तेच पुस्तक हवं होतं. आमचं ते नव्हे, असं सांगितल्यावर एकाने तरीही घेतलं. देव त्याचं भलं करो.

खरी गंमत कवितासंग्रहाची. ९६ पानं, म्हणजे सोळापानी सहा फॉर्म (मोठा ताव छापून घडी घातली की सोळा पानं होतात, तो एक फॉर्म). डेमी आकार, नॅचरल शेड कागद, शिवून बांधणी. शिवण हा ताईचा हट्ट. नुसत्या गोंदावरचं पुस्तक तिसऱ्यांदा उघडलं की पानं हातात येतात, असं ती म्हणते. ३०० प्रतींना २६,००० रुपये लागले. किंमत ठेवली १८०.

आता प्रती कुठे गेल्या ते सांगतो. कवीला २५. कायद्याने चार (कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची तीन ग्रंथालयं. १९५४चा कायदा आहे, प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने पाठवायच्या). अभिप्राय आणि पुरस्कारांसाठी २२, कारण पुरस्कारवाले एकेक ठिकाणी तीन-तीन, चार-चार प्रती मागतात. थेट वाचकांना दहा टक्के सवलतीने १२१. दुकानांतून ४८, चाळीस टक्के कमिशनने आणि विक्री-परत तत्त्वावर. त्यातल्या निम्म्यांचे पैसे अजून यायचेत. पलंगाखाली ४३. राहिल्या ३७, त्यांची कथा पुढे. दुकानदारांनी सगळं दिलं असं धरलं तरी जमा होतात २४,७८६ रुपये. म्हणजे छपाईसुद्धा निघाली नाही. टपाल आम्ही सोसतो, ते यात धरलेलंच नाही.

त्या ३७ प्रती. पुस्तक घरी आल्यावर चार-पाच चाळून पाहिली, ठीक वाटली, लगेच पाठवायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी एका ओळखीच्या समीक्षकांचा फोन आला. म्हणाले, 'कवी ४८व्या पानावरून पुन्हा ३३व्या पानावर येतो आणि मग एकदम ६५व्यावर झेप घेतो, ही पुनरावृत्ती फार बोलकी आहे.' मी बरं म्हणून फोन ठेवला आणि पलंगाखालचे गठ्ठे फोडले. तिसरा फॉर्म दोनदा, चौथा गायब. बाइंडरकडे बायका टेबलाभोवती फिरत फिरत एकेका थप्पीतला फॉर्म उचलून पुस्तक लावतात. कुठेतरी दोन थप्प्या एकमेकींवर गेल्या असणार. काही वाचकांकडून परत मागवल्या, काही घरातच सापडल्या, सगळ्या मिळून ३७. समीक्षकांना नवी प्रत पाठवली. त्यांना जुनीच जास्त आवडली होती, असं वाटतं.

आता पोस्ट. गेल्या वर्षी १८ डिसेंबरला रजिस्टर्ड बुक पोस्ट गुपचूप बंद झालं. पुस्तकांचा ५ किलोचा गठ्ठा ८० रुपयांत जायचा, तोच रजिस्टर्ड पार्सलने २२९ रुपये. आमचं पहिलं पुस्तक घरी आलं २१ डिसेंबरला! काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला, यादीत तो पर्यायच नव्हता. 'परवापर्यंत होता हो,' त्या म्हणाल्या. त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मग १ मेपासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, कर वेगळा. ठीक आहे, तक्रार नाही. पण मधल्या साडेचार महिन्यांत १८० रुपयांच्या पुस्तकामागे कुरिअरला पन्नास-साठ घालत होतो. कविता विकायला निघालोय की कुरिअर कंपनी चालवायला, असं ताईने विचारलंच.

आता माझा प्रश्न. 'हार्ट लॅम्प' काढणारं अँड अदर स्टोरीज हे इंग्लंडमधल्या शेफील्डचं छोटं प्रकाशन. ते वर्गणीदारांच्या जोरावर चालतं असं वाचलं. पुढच्या वर्षी आम्हीही तसं करावं म्हणतो: १,००० रुपये आधी द्या, वर्षात तीन पुस्तकं घरपोच. तुम्ही भराल का? खरं सांगा. भिडेखातर 'हो' नको.

---

रोखठोक | गुरु, १३/११/२०२५ - २२:५८

पहिला प्रतिसाद माझा! आकडे उघडे केल्याबद्दल दंडवत. मराठीत प्रकाशक लोक आवृत्ती किती प्रतींची हे बायकोलाही सांगत नाहीत.

बाकी, नवख्या कवीचे ३०० छापलेच कशाला? प्रिंट ऑन डिमांड करा. पन्नास छापा, संपले की आणखी पन्नास. पलंगाखाली झोपायला जागा होईल.

आणि वर्गणी मी भरणार नाही. कोणती तीन पुस्तकं येणार हे माहीत नसताना पैसे द्यायचे म्हणजे भिशी झाली.

---

वेलांटी | गुरु, १३/११/२०२५ - २३:३१

मी याच धंद्यात आहे (अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन), म्हणून दोन गोष्टी.

एक, फॉर्मची गडबड टाळायची जुनी युक्ती आहे. प्रत्येक फॉर्मच्या बाहेरच्या घडीवर एक छोटा काळा ठोकळा टाकायचा. पहिल्या फॉर्मला वर, दुसऱ्याला जरा खाली, तिसऱ्याला आणखी खाली. सगळे फॉर्म लावून गठ्ठा उभा धरला की पाठीवर जिना दिसतो. पायरी दोनदा आली किंवा गाळली गेली की लांबूनही कळतं, पान उघडायला लागत नाही. पूर्वी प्रेसवाला न सांगता टाकायचा. आता पानं लावणारं सॉफ्टवेअर टाकतं, फक्त तो पर्याय चालू ठेवायला हवा. पुढच्या वेळी बाइंडरला नाही, छपाईची प्लेट काढणाऱ्याला विचारा.

दोन, आणि हे जास्त तातडीचं. तिसरा फॉर्म ३७ वेळा जास्त गेला, याचा अर्थ छापखान्याने वेस्टेज धरून जास्तीचे ताव छापले होते. मग चौथ्या फॉर्मचे निदान ३७ बाइंडरकडे उरलेच असणार! रद्दीत जायच्या आत फोन करा. पुस्तकं उसवून पुन्हा शिवता येतात. तुमच्या ताईंचा शिवणीचा हट्ट इथे कामाला येईल. गोंदाची असती तर काही करता आलं नसतं.

---

अर्धविराम | गुरु, १३/११/२०२५ - २३:३८

@वेलांटी, हे अकरा महिन्यांत आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. उद्या सकाळी दहाला बाइंडरकडे फोन.

@रोखठोक, पीओडीचा (प्रिंट ऑन डिमांडचा) भाव काढला होता. ९६ पानांना प्रतीमागे जवळपास दीडपट पडतो. त्यात दुकानदाराचे चाळीस टक्के गेले की पुस्तक २५०ला विकावं लागेल. शिवाय शिवण नाही, नुसता गोंद. ताई घरात घेणार नाही (पुस्तक किंवा मला).

---

सायक्लोस्टाइल | शुक्र, १४/११/२०२५ - ०६:१२

आमच्या पिढीचा माणूस पहाटे उठतो आणि प्रतिसाद लिहितो, सांभाळून घ्या.

वर्गणीचं म्हणाल तर साठच्या दशकात मी तीन-चार अनियतकालिकांची (जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या वाङ्मयीन अंकांची) वर्गणी भरली होती. एकाचे दोन अंक आले. एकाचा एक आला, तोही अर्धा पुसट, कारण सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल झिजली होती. उरलेल्यांचे संपादक पुढे चहाच्या टेबलावर भेटले तेव्हा त्यांनीच माझ्याकडून चहा घेतला. एकही पैसा वाया गेला असं आजही वाटत नाही. कारण पैसे अंकासाठी दिलेच नव्हते, ही माणसं काहीतरी करताहेत तर करू देत म्हणून दिले होते.

छोटं प्रकाशन वर्षाला तीन पुस्तकांचा वायदा का करतं, हेच मला कळत नाही. अशोक शहाणे यांचं प्रास प्रकाशन बघा. १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' तिथून आलं. त्यानंतर कोलटकरांच्या मराठी कवितेसाठी वाचक २००३ सालापर्यंत थांबले, 'भिजकी वही'पर्यंत. तेही प्रासचंच. २००४च्या सप्टेंबरात कोलटकर गेले आणि 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी मिळालं २००५ साली. मधल्या सव्वीस वर्षांची वर्गणी कुणी कशी घेणार होतं?

कोलटकरांच्याच इंग्रजी 'जेजुरी'चंही तेच. १९७६ साली क्लिअरिंग हाउसने पुस्तक काढलं. क्लिअरिंग हाउस म्हणजे कुणी भांडवलवाला नव्हे, चार कवी: आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि खुद्द कोलटकर. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले, मुखपृष्ठं तेच करत. कवींनी आपली पुस्तकं आपणच छापली, आज ती मिळवायला लोक जुन्या बाजारात भलते पैसे मोजतात.

---

खवट_खारीक | शुक्र, १४/११/२०२५ - ०९:४५

आठवणी छान आहेत, पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही म्हणून मी विचारतो. लेखकाकडून पैसे घेता का? कारण 'छोटं स्वतंत्र साहित्यिक प्रकाशन' या गोंडस नावाखाली नव्वद टक्के तोच धंदा चालतो. कवीने पैसे द्यायचे, प्रती कवीच्याच घरी येऊन पडायच्या, प्रकाशकाने फक्त शिक्का मारायचा.

---

काजवा | शुक्र, १४/११/२०२५ - १०:२०

खारीकरावांचा आकडा कुठून आला माहीत नाही, पण त्यात मी एक आहे, म्हणून लिहितो. माझ्या पहिल्या संग्रहाला चाळीस हजार दिले, एका प्रकाशकाला (नाव नको). ५०० प्रती ठरल्या होत्या. मला २०० मिळाल्या, 'बाकीच्या वितरणात आहेत' असं उत्तर. सहा वर्षं झाली, अजून वितरणातच आहेत. मुखपृष्ठावर माझं नाव बरोबर होतं, पण पुस्तकाच्या पाठीवर आडनावातला रफार उडालेला. कपाटात पुस्तक उभं असलं की मी वेगळाच कुणीतरी असतो.

---

अर्धविराम | शुक्र, १४/११/२०२५ - १३:०५

@खवट_खारीक, नाही घेत. कवीला २५ प्रती दिल्या, आणि विकल्या गेलेल्या प्रतींवर दहा टक्के मानधन कबूल केलंय. पहिली रक्कम दिली, लहान आहे, लिहायला लाज वाटते. तुमचा प्रश्न रास्तच आहे. लोक आम्हालाही फोन करून पहिलं वाक्य 'तुमचं पॅकेज काय आहे?' असंच म्हणतात.

@काजवा, रफाराबद्दल वाचून ताईने डोक्याला हात लावला.

बाइंडरचा फोन झाला. चौथ्या फॉर्मचा गठ्ठा होता. दिवाळीआधी गोडाऊन आवरताना त्यातला काही रद्दीत गेला, काही खिडकीच्या फळीवर राहिला. रविवारी जाऊन मोजून आणतो.

---

यॉर्कशायरपोहे | शुक्र, १४/११/२०२५ - १५:५०

मी लीड्सला असते, शेफील्ड इथून आगगाडीने तासाभराच्या आत. अँड अदर स्टोरीजची चार वर्षं वर्गणीदार आहे, त्यामुळे या बाबतीत बोलायचा हक्क आहे.

वर्षाला दोन, चार किंवा सहा पुस्तकं असे पर्याय असतात. पुस्तक दुकानात यायच्या आधी घरी येतं आणि वर्गणीदारांची नावं पुस्तकाच्या शेवटी छापतात. बारीक टायपात पानंच्या पानं नावं. माझं नाव 'हार्ट लॅम्प'मध्ये आहे! २० मेच्या रात्री निकाल लागल्यावर मी सगळ्यात आधी ते पान उघडून पाहिलं. आमच्या घरात बुकर आलं, असं सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी 'किती पैसे मिळाले?' विचारलं. ५०,००० पौंड, लेखिका आणि अनुवादिका दीपा भास्ती यांना निम्मे-निम्मे. 'आणि तुला?' मला पुस्तक.

@रोखठोक, भिशीच आहे हो, पण मजेची. मी आपण होऊन कन्नड कथा कधी विकत घेतल्या नसत्या. कुणीतरी निवडून घरी पाठवतं, यासाठीच तर पैसे द्यायचे.

पण अर्धविराम, एक सांगते. नुसत्या वर्गणीवर ते चालत नाहीत. आर्ट्स काउन्सिल इंग्लंडचं, म्हणजे सरकारी पैशांचं पाठबळ आहे, तसं पुस्तकात छापलेलंही असतं. आणि भारतात 'हार्ट लॅम्प' पेंग्विनने काढलं. छोटा माणूस शोधून काढतो, मोठा विकतो. यात वाईट काही नाही, पण हिशेब करताना लक्षात असू द्या.

---

ड-वर्ग | शुक्र, १४/११/२०२५ - २१:१७

मी 'ड' वर्गाच्या (सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या) ग्रंथालयात आहे. गाव सांगत नाही, कपाटं चार. छोटे प्रकाशक ग्रंथालयांना विसरतात, ही माझी तक्रार. आमच्याकडे पुस्तकखरेदीचे पैसे हातात येतात ते बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चात, आणि ३१ मार्चच्या आत बिल लागतं. त्या दोन महिन्यांत जो दारात उभा राहतो त्याची पुस्तकं घेतली जातात. तो असतो पुरवठादार, त्याच्या टेम्पोत पाककृती, स्पर्धापरीक्षा आणि जाड ऐतिहासिक कादंबऱ्या. तुमचा कवितासंग्रह त्या टेम्पोत चढलाच नाही तर आम्ही कुठून घेणार?

जानेवारीत एक साधं पत्र टाका: पुस्तकाचं नाव, किंमत, ग्रंथालय सवलत, बिल कुणाच्या नावे. पोस्टकार्डही चालेल. माझ्या ओळखीच्या दहा ग्रंथालयांना मी स्वतः सांगतो. दहातली चार घेतील.

आणि गावात कविता वाचतात. आमच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, फक्त कवितासंग्रहच नेतात. 'पाळण्याशेजारी बसून दोन पानं होतात,' म्हणतात.

---

रोखठोक | शुक्र, १४/११/२०२५ - २१:४०

ड-वर्ग यांचा प्रतिसाद धाग्याला चिकटवून ठेवा. वर्गणी गेली उडत, हे करा आधी.

---

पैलतीर | शनि, १५/११/२०२५ - ०७:०३

वितरणाचं ऐकून एक कटू आठवण. बर्कलीला स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्युशन नावाची संस्था होती, १९६९पासूनची. अमेरिकेतल्या चारशेच्या आसपास छोट्या प्रकाशनांची पुस्तकं तीच दुकानांत पोचवायची. २०२४च्या मार्चअखेरीस तिने एका दिवशी जाहीर केलं: बंद. प्रकाशकांची पुस्तकं दुसऱ्यांच्या गोदामांत अडकली आणि झालेल्या विक्रीचे पैसे कधी मिळणार, मिळणार की नाही, हेच कुणाला कळेना. माझी एक मैत्रीण दोन माणसांचं कवितेचं प्रकाशन चालवते. तिने नंतरचे सहा महिने पुस्तक निवडण्यात एक मिनिट घालवलं नाही, फक्त खोकी शोधली.

तेव्हा तुमच्या पलंगाखालच्या ४३ प्रतींना हसू नका. त्या निदान कुठे आहेत हे ठाऊक तरी आहे.

---

मालवणी_खाजा | शनि, १५/११/२०२५ - ११:२६

माका एक सांगा, ज्ञान पोस्टान दिवाळी अंक जाता काय? आमच्या कुडाळच्या मित्राक अंक धाडूचो होतो, काउंटरवर 'नाय' म्हणान सांगितल्यानी.

---

अर्धविराम | शनि, १५/११/२०२५ - ११:५०

ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनं ज्ञान पोस्टात बसत नाहीत, असा नियम आहे. जाहिरातींचंही वावडं. दिवाळी अंक दोन्हीत मार खातो. पुस्तकाला अडचण नाही, फक्त प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं.

---

सायक्लोस्टाइल | शनि, १५/११/२०२५ - १२:०८

म्हणजे नियतकालिक चालत नाही, अनियतकालिक चालेल! साठ वर्षांनी का होईना, सरकारने आमची बाजू घेतली.

---

मालवणी_खाजा | शनि, १५/११/२०२५ - १२:१५

:D काउंटरवर ह्या समजावून सांगूक तुमीच या.

---

वेलांटी | शनि, १५/११/२०२५ - १८:४४

कागदाचा विषय राहिलाच. २२ सप्टेंबरपासून वह्यांच्या कागदावरचा जीएसटी शून्य झाला आणि पुस्तकाच्या कागदावरचा १२चा १८ टक्के. पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे कागदावर भरलेला कर वजा करून घ्यायची सोयच नाही. तो किमतीत जातो किंवा प्रकाशकाच्या खिशातून. कोरी वही स्वस्त, छापलेली महाग. अर्धविराम, पुढच्या पुस्तकाचा भाव नव्याने घ्या, २६,००० धरून चालू नका.

---

खवट_खारीक | रवि, १६/११/२०२५ - ०८:३०

लेखकाकडून पैसे घेत नाही म्हणता, मान्य. पण मग हजार रुपये वाचकाकडून आधी घेणं वेगळं कसं? जोखीम लेखकाच्या डोक्यावरून काढून वाचकाच्या डोक्यावर ठेवलीत, इतकंच.

---

यॉर्कशायरपोहे | रवि, १६/११/२०२५ - १४:१२

फरक आहे ना. काजवा यांनी चाळीस हजार दिले आणि २०० प्रती कपाटात आल्या. मी वर्गणी दिली तर मला पुस्तक वाचायला मिळतं, नाही आवडलं तर पुढच्या वर्षी बंद करते. ग्रंथालीने सत्तरच्या दशकात वाचकांनाच सोबत घेऊन चळवळ उभी केली आणि 'बलुतं', 'उपरा' लोकांच्या हातात गेली, त्याला कुणी जोखीम म्हटलं नाही.

---

खवट_खारीक | रवि, १६/११/२०२५ - १४:२०

ग्रंथालीच्या मागे माणसं किती होती, इथे आहेत दोन. एक आजारी पडला की पुस्तक कोण काढणार? मुद्दा सोडत नाही.

---

अर्धविराम | रवि, १६/११/२०२५ - २१:५५

खारीकराव, तुमचा मुद्दा रात्रभर डोक्यात राहील असा आहे. ताईशी बोललो. तिने एका वाक्यात निकाल लावला: 'जे पुस्तक टाइपसेट होऊन, मुद्रितं वाचून तयार आहे, त्याचेच पैसे आधी घ्यायचे.' म्हणजे वर्षाची वर्गणी नाही. पुस्तक छापायला जायच्या आधी महिनाभर नोंदणी. शंभर नोंदण्या झाल्या तर ३०० छापायचे, नाहीतर १५०. नावं शेवटच्या पानावर. @सायक्लोस्टाइल, तीन पुस्तकांचा वायदाही मागे घेतला. जेव्हा होईल तेव्हा होईल.

बाइंडरकडे जाऊन आलो. फळीवरचे फॉर्म पुसून मोजले: २२ धड, आणखी चार उंदराने कुरतडलेले. जास्तीची कव्हरं २५ होती. म्हणजे २२ प्रती उसवून पुन्हा शिवता येतील. मालकांनी पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं, मी काही बोलायच्या आधीच. फॉर्म लावणाऱ्या काकू शेजारीच उभ्या होत्या. 'त्या दिवशी लाइट गेली होती बघा,' एवढंच म्हणाल्या.

कायद्याने पाठवायच्या चार प्रतींबद्दल आता धास्ती वाटतेय. आम्ही त्या न उघडता पाठवल्या. कायदा म्हणतो की राष्ट्रीय ग्रंथालयाला जाणारी प्रत पूर्ण हवी आणि उत्तमातल्या उत्तम कागदावरची हवी. दंड किती, तर ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंड भरीन, पण कोलकात्यात पुढची दोनशे वर्षं ४८व्या पानावरून पुन्हा ३३व्या पानावर येणारी प्रत असेल तर?

---

सायक्लोस्टाइल | सोम, १७/११/२०२५ - ०६:०५

तर दोनशे वर्षांनी कुणीतरी त्या पुनरावृत्तीवर पीएच.डी. करेल. तुमच्या समीक्षकांनी सुरुवात केलीच आहे.

---

काजवा | सोम, १७/११/२०२५ - १०:४१

नोंदणी सुरू कराल तेव्हा इथे सांगा, मी एक घेईन. कुणाचं पुस्तक आहे ते सांगू नका. पाठीवरचा रफार मात्र एकदा तपासा.

---

अर्धविराम | सोम, २४/११/२०२५ - २०:३३

धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व, पण हिशेब पुरा करायचा होता.

२२ प्रती आज शिवून आल्या. पाठीवर जिना नाही (पुढच्या पुस्तकाला असेल, प्लेटवाल्याशी बोललोय), म्हणून ताईने बाविसांचं पान न् पान उलटून पाहिलं. सगळ्या बरोबर. त्यातली एक ज्ञान पोस्टाने कोलकात्याला पाठवली, सोबत पत्र: आधीची प्रत सदोष असल्यास ही ठेवून घ्यावी. @ड-वर्ग, जानेवारीत पोस्टकार्डं येतील, दहा पत्ते व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवा.

उरल्या १५. त्यांना चौथा फॉर्म नाही, मिळणारही नाही. ताई म्हणते रद्दीत देऊ. माझा हात होत नाही.

---

रोखठोक | सोम, २४/११/२०२५ - २०:४९

त्यातली एक मला पाठवा. पूर्ण किमतीत, १८०, सवलत नको. ३३ ते ४८ दोनदा वाचायला हरकत नाही, फक्त ४९ ते ६४ची पीडीएफ मेलवर टाका.